खोली कोणाच्या नावे?

विवाहाविना एकत्र राहणारी जोडपी हा विषय आता केवळ मुंबईतील बड्या वस्त्यांचा राहिलेला नाही. समजा, विरार पूर्वेच्या फुलपाड्यात दोघांनी नऊ वर्षे एकत्र संसार केला. खोली पुरुषाच्या नावे, हप्ते मात्र स्त्रीच्या पगारातून गेले. नाते तुटल्यावर तिच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याच्याजवळ नेमके आहे किती? आणि ते न्यायालयात सिद्ध करण्यासाठी वकिलाला द्यायचे कोठून?

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नागपूरच्या एका खटल्याने दिले आहे. तेथील कुटुंब न्यायालयात २०१३ साली एका पत्नीने पोटगीसाठी अर्ज केला. २०१५ साली तिला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. पती उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. तात्पुरत्या पोटगीच्या एका अर्जाला सात वर्षे! या निकालाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. खोटे लिहिणाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

ते दाम्पत्य विवाहित होते. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात ‘विवाहसदृश नाते’ही येते आणि त्याखालील पोटगीच्या अर्जालाही हा नियम लागू आहे. मात्र नाते विवाहसदृश होते हे आधी दाखवावे लागते. ‘इंद्रा सर्मा’ खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने त्याचे निकष सांगितले. नात्याचा कालावधी, एकत्र घर, अपत्ये, समाजातील वावर, तसेच दोघांनी पैसा एकत्र केला होता काय, हे पाहिले जाते. त्या खटल्यातील स्त्रीला पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक होते, म्हणून तिला दिलासा मिळाला नाही. त्याच वर्षी ‘बादशाह’ खटल्यात पहिला विवाह लपवून फसवल्या गेलेल्या स्त्रीला मात्र पोटगी मिळाली. चर्चमध्ये विवाह झालेला, जोडीदारापासून वेगळा राहणारा, पण न्यायालयाचा हुकूम नसलेला मनुष्य कायद्याने विवाहितच असतो. ही बाब आमच्या अनेक वाचकांच्या ध्यानात नसते.

पोटगी आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिंसाचारविरोधी कायदा स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, मालकी देत नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात पती-पत्नी व अपत्ये यांच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला अपवाद आहे, विवाहाविना राहणाऱ्या जोडीदाराचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे ‘पैसे माझे, नाव त्याचे’ हा युक्तिवाद तिच्याच अंगाशी येऊ शकतो. त्यातून चाळीतील खोली नोटरी केलेल्या मुद्रांकावर घेतलेली असली, तर ‘सूरज लॅम्प’ निकालानुसार (२०११) अशा कागदाने मालकी मुळात त्याच्याकडेही आलेली नसते. मग भांडण कशाचे, असे वकीलच विचारतात. पैसे हातउसने दिले होते असे म्हणावे, तर वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत, आणि रोख दिलेल्या पैशाला पुरावा नाही.

खर्चाच्या बाबतीतही विवाहित ख्रिस्ती स्त्रीची स्थिती बरी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये दावा चालू असताना ती पतीकडून पोटगी व खटल्याचा खर्च मागू शकते, आणि अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा अशी तरतूद २००१ साली झाली. विवाहाविना राहिलेल्या स्त्रीला या कलमाचा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत (पश्चिम ऑस्ट्रेलिया वगळता) अशा जोडप्यांचे मालमत्तेचे वाद १ मार्च २००९ पासून कौटुंबिक कायद्यात आले, आणि आर्थिक माहिती उघड करण्याचे कर्तव्य जून २०२५ मध्ये थेट कायद्यात लिहिले गेले. खर्च मात्र तेथेही सामान्यतः ज्याचा त्याने सोसायचा असतो.

आपल्याकडे एक दार उघडे आहे, पण ते ठोठावले जात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. विवाहाची अट तेथे नाही. त्यासाठी वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जाताना बँकेचे पासबुक, हप्त्यांच्या पावत्या, दोघांची नावे असलेली शिधापत्रिका वा वीजबिल आणि खोलीच्या कागदाची प्रत, जे हाती असेल ते सोबत न्यावे.