अर्धशक्ती आणि अर्धमॅरेथॉन

समुद्रकाठच्या रस्त्यावरून एकवीस किलोमीटर धावण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील शिक्षक, व्यापारी, शेतकरी आणि पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणीही हिवाळ्यात नावनोंदणी करतात आणि जेऊर वा कुर्डुवाडीहून रात्रीची गाडी धरून मुंबईस जातात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने ही आवड महाराष्ट्रात रुजविली. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पादचाऱ्यास पाऊल ठेवता येत नाही. अर्धमॅरेथॉनच्या पहाटे मात्र समुद्राचा वारा अंगावर घेत तो पायांनी ओलांडता येतो आणि पुढे मरीन ड्राइव्ह गाठता येते. उजनीच्या काठी धावण्याचा सराव करणाऱ्या आमच्या भागातील मंडळींना या दृश्याची भुरळ पडावी, यात नवल नाही.

ही मंडळी जाण्यापूर्वी आपल्या चिकित्सालयात किंवा औषधी दुकानात डोकावतात. ‘डॉक्टर, ताकदीसाठी काही द्या,’ एवढीच त्यांची मागणी असते. यावर वैद्यवर्गात दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले, ‘हा अतिव्यायाम आहे, शास्त्राला संमत नाही, जाऊ नका.’ दुसरे, ‘अश्वगंधा घ्या, एखादे रसायन घ्या आणि धावा.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात रुग्णाचे बल न पाहताच निर्णय दिला जातो आणि दुसऱ्यात बलाची जागा पुडीला दिली जाते.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, शीतकाळी आणि वसंतात. अन्य ऋतूंत तो याहून कमी असावा. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बलार्धाचे लक्षण सांगताना हृदयस्थित वायू मुखावाटे येऊ लागणे ही खूण दिली आहे. आजचे क्रीडावैद्यक धावताना सहज बोलता येते की नाही, हे पाहून श्रमाची मात्रा ठरविते. दोन्हींचे मर्म एकच आहे. मात्रा किलोमीटरमध्ये सांगितलेली नाही. ती धावणाऱ्याच्या श्वासात सांगितली आहे. म्हणूनच २१.१ किलोमीटर हे अंतर स्वतः अतिव्यायामही नाही आणि हितकर व्यायामही नाही. वर्षभर क्रमाने बल वाढविलेल्या माणसास संथ गतीने ते अर्धशक्तीच्या जवळपास पेलते. दोन महिन्यांच्या तयारीवर गेलेल्यास मात्र सातव्या-आठव्या किलोमीटरलाच बलार्धाची खूण दिसते, आणि उरलेले अंतर तो उसन्या शक्तीवर रेटतो.

हा क्रम कसा असावा, याचे सूत्र चरकाचार्यांच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायातच आहे. अहिताचा त्याग आणि हिताचा अंगीकार पादांशाने, म्हणजे थोडा-थोडा करावा, असा तेथील उपदेश आहे. आपल्या तालुक्यातून दरवर्षी संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरकडे जाते. तिच्यात चालणारा शेतकरी वारकरी वर्षभर शिवारात चाललेला असतो, म्हणून मजल त्याला जड जात नाही. अर्धमॅरेथॉनच्या इच्छुकाला आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवीत किमान सहा महिने द्यावयास सांगणे, हा वैद्याचा पहिला सल्ला असावा. नित्य अभ्यंग, त्यानंतर व्यायाम, मग उद्वर्तन व स्नान हा दिनचर्येतील क्रम येथे शोभेचा नाही. रूक्ष प्रदेशात धावणाऱ्याच्या सांध्यांना व स्नायूंना त्याची खरी गरज असते.

दुसरा मुद्दा देशाचा. करमाळा हा जांगल देश, तर मुंबईची किनारपट्टी आनूप. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम येतो आणि लगेच वाळतो. एक लीटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तोच घाम टपटप गळून पडतो. जलक्षय तेवढाच होतो, परंतु अंग मात्र थंड होत नाही. त्यामुळे येथे सहज साधणारी गती तेथे दाह, भ्रम आणि क्लम उत्पन्न करू शकते. त्यात आदल्या रात्रीचे जागरण, गाडीतील प्रवास आणि शहरातील अवेळी जेवण यांची भर पडली, की वातप्रकोपास वेगळे निमंत्रण लागत नाही. किनाऱ्यावर धावू इच्छिणाऱ्याने किमान दोन दिवस आधी पोहोचावे आणि घरच्या वेळेवर विसंबून गती ठरवू नये, हे आपण आवर्जून सांगितले पाहिजे.

पाण्याविषयीही गैरसमज फार. ‘तहान नसली तरी पीत राहा’ हा सल्ला घातक ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडिअम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. तहानेनुसार, घोट-घोट, लिंबू-मीठ-साखरेसह पाणी घ्यावे, ही आपल्या घरातील जुनी रीत येथे उपयोगी पडते.

हृदयाविषयी भीती घालण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही परवडणारे नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनच्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींच्या पाहणीत ५९ जणांचे हृदय शर्यतीत थांबल्याचे आढळले. अर्धमॅरेथॉनपेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण अधिक होते. संख्या लहान आहे, परंतु त्या ५९ पैकी ४२ जण दगावले. चाळिशी ओलांडलेला, मधुमेही, रक्तदाबाचा वा कुटुंबात अकाली हृद्रोग असलेला इच्छुक आपल्यासमोर आला, तर नाडीपरीक्षेवर न थांबता त्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठविणे, यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही.

आता औषधी दुकानदार बंधूंशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘स्टॅमिना’साठी मागितलेली पुडी किंवा गोळी देताना तिच्यात काय आहे, हे आपण किती वेळा पाहतो? कुचल्यात स्ट्रिक्नीन आहे. शोधनाने ते घटते, नाहीसे होत नाही. सोमलतेत एफेड्रिन आहे. काही पौष्टिक मोदक-पाकांत भांग असते. ही तिन्ही द्रव्ये स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत मोडतात, आणि भारतात २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे. ‘वैद्यांनी दिले होते’ हे उत्तर तेथे खेळाडूस निर्दोष ठरवीत नाही. शरीरात काय गेले याची जबाबदारी त्याचीच मानली जाते. जिल्हा वा राज्य पातळीवर खेळणारी एखादी मुलगी आपण दिलेल्या वटीमुळे अपात्र ठरली, तर तिची वर्षांची मेहनत कोण परत देणार? आणि आयुर्वेदाच्या नावाला लागलेला बट्टा कोण पुसणार?

कुचला, वत्सनाभ, भांग यांसारखी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत आहेत. अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापलेली असते. ती ग्राहकाइतकीच आपल्यासाठीही आहे. घामाने कोरड्या पडलेल्या शरीरावर उत्तेजक देणे म्हणजे दमलेल्या बैलास चाबूक मारणे होय. गाडा चार पावले पुढे जातो, बैल मात्र बसतो. हीच गोष्ट आधुनिक वेदनाशामकांची. शर्यतीच्या सकाळी डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन धावणारे आमच्या पाहण्यात आहेत. जलक्षय झालेल्या अवस्थेत अशी गोळी वृक्कास इजा करू शकते. ज्यांच्या दुकानात दोन्ही प्रकारची औषधे मिळतात, त्यांनी एवढे एक वाक्य ग्राहकाला जरूर ऐकवावे.

काही वैद्यबंधू म्हणतील, की एवढे सांगत बसलो तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल. जाईलही. परंतु करमाळ्यासारख्या गावात वैद्याची पत एका गिऱ्हाइकावर ठरत नाही. धावून सुखरूप परतलेला माणूस आपल्या घरातील वृद्धांना, लेकरांना आणि शेजाऱ्यांना आपल्याकडे आणतो. अश्वगंधा, शतावरी, च्यवनप्राश यांना बल्य व रसायन म्हणून आपले स्थान आहेच. ती प्रकृती, अग्नी व काळ पाहून काही महिने द्यावयाची असतात. आदल्या रात्री खिशात घालून द्यावयाची नसतात.

संघटनेने या विषयात पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. तालुका शाखांनी हिवाळ्यापूर्वी एक एकपानी पत्रक काढावे. त्यात बलार्धाची लक्षणे, सरावाचा क्रम, आनूप देशातील काळजी, हृदयतपासणी कोणी करून घ्यावी आणि निषिद्ध द्रव्ययुक्त कल्पांची यादी असावी. हे पत्रक प्रत्येक चिकित्सालयात व औषधी दुकानात दर्शनी भागी लावावे. शर्यत संपताच एकदम न बसता श्वास शांत होईपर्यंत चालत राहावे, हेही त्यात असावे. श्रमजन्य श्वासाचा वेग रोखू नये, असे चरकाचार्यांनी बजावलेच आहे.

लोक धावणार आहेत. आपण नको म्हटल्याने ते थांबणार नाहीत, आणि थांबावेत असेही आम्हांस वाटत नाही. खुर्चीत बसून मेद वाढविणाऱ्या या काळात जो माणूस पहाटे उठून घाम गाळतो, तो स्वस्थवृत्ताचा आपला सहकारीच आहे. त्यास योग्य वेळी योग्य शब्द सांगणे हे आपले कर्तव्य आहे. इत्यलम्।