बँक बुडाल्यावर जागी होणारी संसद

रायपूरची इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक 2006 मध्ये कोसळली आणि हजारो ठेवीदार अडकले. त्यानंतरची चर्चा दोषी कोण आणि त्यांना अभय कोणाचे, याभोवतीच फिरत राहिली. ती आवश्यकच होती. पण बँकेवर देखरेख ठेवणारे कोणाला उत्तरदायी होते, हा प्रश्न मागे पडला.

तेव्हा नागरी सहकारी बँकांना दोन धनी होते. नोंदणी व निवडणुका राज्याच्या सहकार निबंधकाकडे, परवाना व तपासणी रिझर्व्ह बँकेकडे. निबंधकाविषयी विधानसभेत प्रश्न विचारता येई. रिझर्व्ह बँक त्या सभागृहाच्या कक्षेबाहेर. शासकीय सेवेत मी अशा प्रश्नांची उत्तरे पाहिली आहेत. ‘माहिती एकत्रित केली जात आहे’ एवढ्या वाक्यावर अख्खे अधिवेशन निभावून जाई!

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे अकोला आठवते. 1956 पर्यंत रायपूर आणि अकोला एकाच राज्यात होती. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठे 1961 मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला. संरक्षण होते 1,500 रुपयांचे. 1993 मध्ये ते एक लाखावर गेले आणि तब्बल 27 वर्षे तिथेच थांबले. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना प्रारंभी केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा मिळाली, मुंबईत आक्रोश झाला. पुढच्या फेब्रुवारीत मर्यादा पाच लाख झाली.

सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारे विधेयकही त्यानंतरचेच. 22 सप्टेंबर 2020 रोजी, विरोधकांच्या बहिष्कारात, राज्यसभेने एका दिवसात सात विधेयके संमत केली. त्यांत हे एक होते. स्थायी समितीकडे ते गेलेच नाही. निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला 90 दिवसांत विम्याची रक्कम देणारी 2021 ची दुरुस्ती मात्र खरोखर उपयुक्त आहे, हे मान्य केले पाहिजे.

अधिकार वाढले, तेवढी जबाबदेही वाढली का? तपासणी अहवाल दडवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेला बजावले आहे. निर्बंध घातलेल्या प्रत्येक बँकेबाबत संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने दोन तारखा मागाव्यात: गैरव्यवहार तपासनिसांच्या प्रथम लक्षात आला ती, आणि ठेवीदाराला ते कळले ती. छत्तीसगडच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी लेखी नोंदवावी.