‘सोल’च्या पुढील आवृत्तीआधी: इन्फ्लिबनेट केंद्रास खुले पत्र

रावेत, पिंपरी-चिंचवड

मा. संचालक, इन्फ्लिबनेट केंद्र, गांधीनगर यांस,

केंद्राचे ‘सोल’ हे ग्रंथालय-संगणकीकरणाचे सॉफ्टवेअर २००९ मध्ये दुसऱ्या आणि २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. आवृत्त्या बदलणारच, प्रश्न आहे तो त्या बदलात बंद पडणाऱ्या स्क्रिप्टचा, म्हणजे ग्रंथपालाने किंवा संगणक विभागातील एखाद्या शिक्षकाने सवडीने लिहिलेल्या आणि रोज आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावलींचा. मुदत टळलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे धाडणे, नव्या विद्यार्थ्यांची नावे सभासद-यादीत चढवणे अशी कामे त्यांच्यावर सोपवलेली असतात. १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या केंद्राला रावेतसारख्या भागातील महाविद्यालयांची ही ओढाताण परकी नसावी.

इंटरफेस म्हणजे दोन प्रणालींनी एकमेकींशी कोणत्या रीतीने बोलायचे याचा करार. तो लेखी नसला की स्क्रिप्ट लिहिणारा थेट डेटाबेसच्या तक्त्यांत हात घालतो, आणि पुढे एखाद्या रकान्याचे नाव बदलताच काम थांबते. थांबले तर निदान कळते. खरा घोटाळा न थांबता चुकण्यात आहे. ०५/०६ ही परतीची तारीख ५ जूनऐवजी ६ मे अशी वाचली गेली, तर सभासदाच्या नावे महिनाभराचा दंड चढतो आणि स्क्रिप्टच्या लेखी सारे सुरळीत असते. याउलट ‘३एम’ कंपनीने आणलेल्या एसआयपी या नियमावलीच्या, म्हणजे स्वयंसेवा देवघेव यंत्राने ग्रंथालय-प्रणालीशी कसे बोलावे हे सांगणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या आवृत्तीत व्यवहाराची तारीख-वेळ १८ अक्षरांत आणि वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहावी लागते. ही नियमावली जुनाट असली तरी लेखी आहे, म्हणूनच ती आजही चालते.

केंद्राने पुढील आवृत्तीआधी इंटरफेसचे अद्ययावत दस्तऐवज सर्वांना खुले ठेवावेत आणि जुना इंटरफेस नव्याच्या जोडीने किमान एक शैक्षणिक वर्ष चालू ठेवावा. प्रवेशांच्या धामधुमीत बदल लादणे तर सर्वथा टाळावे. केंद्राने पायंडा पाडला, तर खासगी पुरवठादारांकडेही महाविद्यालयांना तोच आग्रह धरता येईल.

स्क्रिप्ट आधीच तपासून पाहता याव्यात म्हणून केंद्राने नव्या आवृत्तीची नमुना-प्रतही चाचणीसाठी द्यावी, आणि तीत मराठी नोंदी हव्यातच. ‘कादंबऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द ठरतात, आणि केवळ इंग्रजी शीर्षकांवर तपासलेल्या स्क्रिप्टला यातल्या दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या नोंदी सापडत नाहीत. यातला कोणता प्रकार प्रमाण मानायचा, हे केंद्राने एकदा लेखी ठरवून द्यावे.