आधी गोतावळा, मग गाडी

व्यापारी घराण्यातील मुलगा पेढीवर न बसता वेगळी वाट धरू पाहतो, तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती भांडवलाची. अलीकडे अशा वाटांमध्ये फूड ट्रकची भर पडली आहे. दुकानाची पागडी नको, मोठे भाडे नको, गाडी उभी केली की धंदा सुरू, असा त्याविषयी सर्वसाधारण समज असतो. वडील मुदत ठेव मोडतात, आजोबा आशीर्वाद देतात आणि गाडीची मागणी नोंदवली जाते. यथावकाश गाडी दारात येते. परंतु ती कोठे उभी करावयाची हे ठरलेले नसते. परवानग्या अपुऱ्या असतात, ग्राहक ठाऊक नसतो आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो. अशा वेळी भांडवल असूनही धंदा अडतो, कारण आधी करावयाच्या ओळखी राहून गेलेल्या असतात.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एखाद्या भुसार व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. दोन पिढ्यांच्या सचोटीमुळे त्यास शब्दावर माल मिळतो. दलाल, हमाल, वाहतूकदार, बँक या सर्वांशी घरोबा असतो. ही पत आपल्याही कामी येईल, असे मुलास वाटते. ती येते, पण यार्डाच्या फाटकापर्यंत. त्यापुढे गाडीची बांधणी करणारा कारागीर, पाववाला, शेजारी उभा राहणारा विक्रेता, कंपनीचा प्रशासन अधिकारी यांपैकी कोणीही त्याच्या आजोबांना ओळखत नाही. येथे पत नव्याने कमवावी लागते आणि त्यास किमान सहा महिने द्यावेत.

पहिली ओळख जाणकारांची. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात परस्पर करता येत नाही. त्यास परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. स्वयंपाकासाठी घरगुती सिलिंडर वापरणे बेकायदा असून व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो. हे नियम कागदावर वाचता येतात, पण कोणत्या बांधणीस मान्यता मिळते, कोणता कागद कोठे अडतो, हे त्या वाटेने गेलेला मनुष्यच सांगू शकतो. म्हणून गाडी घेण्यापूर्वी अशी गाडी चालविणाऱ्या दोघातिघांस भेटावे. शक्य झाल्यास एखाद्याकडे महिनाभर मदतनीस म्हणून उभे राहावे. व्यापाऱ्याच्या मुलाने दुसऱ्याच्या गाडीवर भांडी विसळण्यात कोणताही कमीपणा नाही.

दुसरी ओळख शेजाऱ्यांची. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नेमल्या जाणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. चहाची टपरी किंवा भेळेची गाडी चालविणाऱ्यास प्रतिस्पर्धी समजून दूर ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे. त्यांच्याकडे काही मागण्याआधी काही देता येईल का, हे पाहावे. भुसाराच्या घरातील मुलाजवळ देण्यासारखे पुष्कळ असते. भजीवाला किरकोळ दुकानातून बेसन घेत असेल, तर चांगली हरभरा डाळ कशी ओळखावी आणि चार विक्रेत्यांनी मिळून पोते घेतल्यास दर कसा पडतो, हे त्यास सांगता येते. वडिलोपार्जित ज्ञानाचा याहून उत्तम उपयोग तो कोणता? पुढे गॅस अचानक संपला किंवा गाडी बंद पडली, तर हाच शेजारी धावून येतो.

तिसरी ओळख पुरवठादारांची, आणि जैन खाद्यपदार्थांच्या बाबतीत ती सर्वांत नाजूक आहे. बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून पावभाजी करता येते. पण तयार मसाल्यात लसणाची पूड आहे काय, पाव करणाऱ्याच्या भट्टीत अंड्याचे पदार्थ होतात काय, हे कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन पाहिले पाहिजे. फलकावर ‘जैन’ हा शब्द लिहिणे म्हणजे ग्राहकाच्या व्रताची जबाबदारी घेणे होय. तवा सामाईक असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. एकदा विश्वास गेला की ती वार्ता संघाच्या प्रत्येक घरी पोहोचण्यास संध्याकाळ पुरते.

चौथी ओळख ग्राहकांची. रस्त्यावरील खाण्याची गर्दी बहुधा दिवस मावळल्यावर होते, आणि चौविहार पाळणारा ग्राहक तेव्हा येणार नाही. चातुर्मासात अनेक घरांची पथ्ये वाढतात आणि पावसामुळे रस्त्यावरील विक्रीही मंदावते. तेव्हा केवळ रस्त्यावर विसंबून चालत नाही. कार्यालयांतील दुपारचे जेवण, गृहनिर्माण संस्थांचे मेळावे, लग्नघरचा सकाळचा नाश्ता, संघाचे कार्यक्रम यांची कामे ओळखीतूनच मिळतात. गाडी घेण्यापूर्वी अशा तीन-चार ठिकाणी साधे टेबल मांडून पदार्थ द्यावेत. कोणता पदार्थ संपला, कोणता उरला, याची नोंद ठेवावी.

बँकेची ओळखही कर्जाच्या अर्जापूर्वीच व्हावी. मुद्रा योजनेत तारणाविना कर्जाची सोय आहे. तरीही परतफेड कशी होणार, हा प्रश्न शाखाधिकारी विचारणारच. चाचणीच्या काळातील प्रत्येक रुपया चालू खात्यातून फिरलेला असेल, तर ते खातेच त्या प्रश्नाचे उत्तर देते. वडिलांच्या नावाने दिलेल्या शिफारशीस एवढे वजन नसते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ओळख म्हणजे वशिला नव्हे. परवान्यासाठी पाकीट देणे, नातलगांकडून उधारीवर माल उचलणे, समाजबांधव आहेत म्हणून दर चढा लावणे, याने गोतावळा वाढत नाही, विरतो. पुरवठादाराचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेत आणि केलेल्या उपकाराचा हिशेब मांडू नये.

तत्त्वार्थसूत्रात जीवांनी परस्परांस साहाय्यभूत होणे हा त्यांचा धर्मच मानला आहे. पेढीवरील पूर्वजांनी हे आचरणातून जपले, म्हणून त्यांचा शब्द चालला. मुलाने नवा व्यवसाय मांडला तर घरच्यांनी अवश्य पाठीशी उभे राहावे. परंतु ठेव मोडण्यापूर्वी त्यास एकच विचारावे: गाडी बंद पडली, तर घराबाहेरच्या कोणाला हाक मारशील? पाच नावे चटकन सांगता आली, तर गाडीची मागणी नोंदविण्यास हरकत नाही.