शर्यतीचे घोडे एकाच घराण्यातले का होत चाललेत?

मे 2020 मध्ये अमेरिकेच्या जॉकी क्लबने एक नियम केला. 2020 पासून जन्मलेल्या कोणत्याही नर घोड्याकडे वर्षाला 140 पेक्षा जास्त घोड्या नेता येणार नव्हत्या. केंटकीतले बडे स्टड फार्म कोर्टात गेले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये क्लबने नियम मागे घेतला. पण मुळात अशी मर्यादा घालायची वेळ का आली?

थरोब्रेड म्हणजे नेमकं काय?

सुमारे 300 वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांपासून ही जात तयार झाली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडच्या बापाकडची वंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते. त्यातही बहुतेकांची डार्ली अरेबियनशी. 1791 मध्ये 'जनरल स्टड बुक' निघालं. आई आणि बाप दोघंही नोंदलेले असतील, तरच शिंगरू थरोब्रेड. थोडक्यात, बाहेरच्या रक्ताला दार बंद.

मग आता काय बदललं?

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. तरीही मागणी असलेला नर एका हंगामात 200 हून अधिक घोड्यांना दाखवला जातो. प्रत्येकीमागे फी मिळते. विजेत्याचंच शिंगरू सगळ्यांना हवं असल्याने बाकीची घराणी मागे पडतात.

आयर्लंडमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये सुमारे 10,000 घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच दशकांत जवळच्या नात्यातली पैदास वाढली होती आणि 97 टक्के घोड्यांच्या वंशावळीत 1961 साली कॅनडात जन्मलेला नॉर्दर्न डान्सर होता. अशा पैदाशीचं प्रमाण जास्त असलेले घोडे शर्यतीत उतरण्याची शक्यताच कमी असते, असंही पुढच्या संशोधनात दिसलं.

विरोध कशासाठी?

फार्मवाल्यांचं म्हणणं, घोडा आमचा, पैसा आमचा, क्लबने त्यात पडू नये. मर्यादा आली तर चांगल्या नराची फी वाढेल आणि छोट्या पैदासदारांना तो परवडणार नाही, हाही मुद्दा होता.

अडचण अशी, की फायदा याच हंगामात मिळतो आणि नुकसान काही पिढ्यांनी दिसतं. एकट्या फार्मने संयम दाखवला, तर गिऱ्हाईक शेजारी जातं. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा होता.

भारताचा संबंध काय?

आपल्याकडे ही नोंद पुण्यातली स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. इथल्या फार्मवर परदेशातून नर आणले जातात. त्यामुळे तिथे घराणी कमी झाली, तर इथली निवडही आपोआप आक्रसते. आणि स्टड बुकचं दार बंद असल्याने एकदा संपलेलं घराणं बाहेरून भरून काढता येत नाही.