अकरावी प्रवेश : महाविद्यालयाच्या नावाआधी विषयांचा विचार

दहावीचा निकाल लागला, की पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळतात. पेढ्यांबरोबर एकच प्रश्न हातोहात फिरत असतो : 'गेल्या वर्षी तिथे कितीला बंद झालं होतं?' मुलाला पुढे काय शिकायचे आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि त्यासाठी अकरावीत कोणते विषय घ्यावे लागतील, हा तर बहुधा येतच नाही. वस्तुतः विद्यार्थ्याच्या पुढील वाटा खुल्या राहणार की बंद होणार, हे महाविद्यालयाच्या नावापेक्षा या तिसऱ्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.

महाराष्ट्रात हा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आपल्याकडे आला आणि अकरावी-बारावी शाळेतून निघून बव्हंशी 'कनिष्ठ महाविद्यालयात' गेली. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील विद्यार्थी सहसा बारावीपर्यंत त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांसमोर असतो. आपला विद्यार्थी मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी, ओळखीचे शिक्षक मागे ठेवून, कॉलेज निवडतो. त्याला नीट ओळखणारी माणसे ज्या क्षणी सर्वांत आवश्यक असतात, नेमक्या त्याच क्षणी ती त्याच्या आयुष्यातून बाजूला झालेली असतात.

मुंबई परिसरात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाईन होऊ लागले. २०२५ मध्ये ही केंद्रीभूत पद्धत प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्या वर्षी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले, हे पालक विसरलेले नाहीत. तांत्रिक गोंधळाची चर्चा भरपूर झाली. नियमांची तितकी झाली नाही. अर्जात किमान एक व कमाल दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने नोंदवायची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर. 'वरच्या नंबरला मोठं नाव टाकून ठेव, मिळालं तर बघू' हा शेजारपाजारचा सल्ला येथे महागात पडतो. याउलट, पहिल्या स्थानी अवघड महाविद्यालय लिहिले म्हणून खालच्या पसंतींवरील हक्क कमी होत नाही. तेव्हा खरोखर जायचे आहे त्या क्रमानेच नावे लिहावीत. गुणांचा अंदाज बांधून स्वतःच स्वतःला मागे ढकलण्याचे कारण नाही.

आता विषयांकडे वळू. वाणिज्य शाखेत प्रवेश घेताना गणित किंवा एस.पी. (चिटणिसाची कार्यपद्धती) यांपैकी एक विषय निवडावा लागतो. दहावीच्या गणिताने दमलेला विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकून एस.पी.वर खूण करतो. त्या खुणेला एक मिनिटही लागत नाही. पुढे बारावीनंतर त्याला संगणकाची आवड लागते, आणि मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) अभ्यासक्रमाला बारावीत गणित असणे आवश्यक आहे, हे त्याच्या ध्यानात येते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन सन्मान पदवी करावयाची तरी तीच अट. सनदी लेखापाल होण्यासाठी अशी अट नाही. परंतु फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित व संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका असतेच. टाळलेले गणित तेथे पुन्हा भेटते. एस.पी. हा विषय वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. केवळ भीतीपोटी तो घेऊ नये, एवढेच.

विज्ञान शाखेतही हीच गत. संगणकशास्त्राचा द्विलक्ष्यी विषय आकर्षक वाटतो व गुणही चांगले मिळवून देतो. पण तो घेतला, की बहुधा जीवशास्त्र सुटते, आणि त्याबरोबर वैद्यकीय शाखेकडे जाणारा सरळ रस्ताही. आपल्या अनेक कुटुंबांत परिचर्येचा वारसा आहे. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी लागते, जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम मात्र कला वा वाणिज्य शाखेतूनही करता येतो. ज्या मुलीला परिचारिका व्हायचे आहे, तिला हा फरक अकरावीच्या अर्जापूर्वीच सांगितला पाहिजे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याचा मार्गही आहे. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलाला तो अधिक मानवेल. पण 'कॉलेजला जात नाही' म्हणजे काहीतरी उणे, ही आपली समजूत आड येते.

अभियांत्रिकीचा राज्यस्तरीय प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते राहिले आहेत. यातूनच 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार वाढला : नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, विद्यार्थी मात्र दिवसभर शिकवणी वर्गात. प्रयोगशाळेत दोन वर्षांत फारसे पाऊल न टाकता विज्ञान शाखेतून बाहेर पडणारी मुले पाहिली, की प्रस्तुत लेखकाला या व्यवस्थेबद्दल खेद वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय त्यासाठी पालक जी रक्कम मोजतात, तिच्यात मुलाचे पदवीपर्यंतचे शिक्षण झाले असते! २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. व बी.सी.ए. या अभ्यासक्रमांनाही राज्यात प्रवेश परीक्षा आली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परीक्षेची अट टाळली. नाव बदलल्यावर पदवी नेमकी कोणती मिळणार, हे विचारणे पालकांचे कर्तव्य ठरते.

अल्पसंख्याक कोट्याविषयी आपल्या समाजात अभिमान आहे, माहिती मात्र अपुरी आहे. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे, आणि त्याच्याच आधारे अशा कनिष्ठ महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी राखल्या जातात. मे २०२५ मधील शासन निर्णयाने अल्पसंख्याक संस्थांतील उर्वरित जागांनाही सामाजिक आरक्षण लागू करण्याचा प्रयत्न झाला. संस्था न्यायालयात गेल्या आणि १२ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे अल्पसंख्याक संस्थांपुरती त्याला स्थगिती दिली. आपल्या अनेक संस्थांनी समाधान व्यक्त केले, ते स्वाभाविकच होते. परंतु संस्थेचा अधिकार टिकला म्हणून विद्यार्थ्याला जागा मिळाली, असे होत नाही.

ख्रिस्ती विद्यार्थ्याला हा लाभ ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेतच मिळतो. गुजराती वा सिंधी भाषिक अल्पसंख्याक महाविद्यालयात नव्हे. कोट्यासाठी स्वतंत्र पसंती नोंदवावी लागते व त्याची गुणवत्ता यादीही स्वतंत्र असते. नामांकित महाविद्यालयांत तेथेही चढाओढ असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद तपासली जाते, बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. जन्म एका धर्मग्रामात, बाप्तिस्मा आजोळी दुसऱ्या धर्मग्रामात, आणि कार्यालय सायंकाळी बंद, अशा धावपळीत कोट्याची मुदत टळते. न भरलेल्या जागा संस्था केंद्रीय प्रक्रियेकडे सुपूर्द करते. मग 'आपल्याच कॉलेजात आपल्या मुलाला जागा नाही' ही तक्रार ऐकू येते. तिच्यात काही वेळा तथ्य असते. पण पुष्कळदा अर्जच झालेला नसतो.

आणखी एका दाखल्याकडे आपण दुर्लक्ष करतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. खुल्या प्रवर्गातील ख्रिस्ती कुटुंब निकषांत बसत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्यालाही मिळू शकते. आपल्याला कुठलेच आरक्षण नाही, असे गृहीत धरून बसलेल्या घरांनी तहसील कार्यालयाची पायरी एकदा चढून पाहावी.

राहता राहिले अंतर. वसईहून चर्चगेट सुमारे पन्नास किलोमीटर. सकाळच्या गाडीत लोंबकळत जाऊन परत येईपर्यंत मुलाचे तीन-चार तास जातात आणि अंगातली शक्तीही. काहींच्या बाबतीत तो प्रवास सार्थकी लागतो. दक्षिण मुंबईतील ग्रंथालय, मित्रमंडळ, भाषा यांनी मूल फुलते. काही मुले पहिल्या सहामाहीतच कोमेजतात. कोणते मूल कसे, हे गुणपत्रिका सांगत नाही. आईला बहुधा ठाऊक असते. शुल्काचेही तसेच : एकाच महाविद्यालयातील एक तुकडी अनुदानित, तर दुसरी स्वयंअर्थसहाय्यित असते व दोहोंच्या शुल्कात मोठी तफावत पडते. अर्जात सांकेतिक क्रमांक लिहिताना नेमकी कोणती तुकडी आपण निवडली, हे पालकांनी स्वतः पाहावे; सायबर कॅफेतील मुलावर सोडू नये.

धर्मग्रामांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे होतात, ती बहुधा निकालानंतर. तेव्हा हाती आठवडा उरलेला असतो आणि सभागृह भरलेले. हेच शिबिर नाताळच्या सुट्टीनंतर, जानेवारीत घ्यावे. व्याख्यात्याऐवजी नुकतीच बारावी झालेली, पदवीच्या पहिल्या वर्षातली चार-पाच मुले समोर बसवावीत, एस.पी. घेतलेली, तंत्रनिकेतनात गेलेली, विज्ञान सोडून कलेकडे वळलेली. दहावीच्या मुलांना त्यांना मोकळेपणाने विचारू द्यावे, पालकांना तासभर बाहेर चहा द्यावा. आणि त्याच दिवशी धर्मग्रामाचे कार्यालय उघडे ठेवून बाप्तिस्म्याचे दाखले देऊन टाकावेत.