फाटक भंगारात घालण्यापूर्वी

१/८
कुंभवलीच्या शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. पोलादाच्या कारखान्यांच्या या परिसरात लोखंडाची किंमत वजनावर ठरते. त्यामुळे जुन्या वाड्याचे वा बंगल्याचे नक्षीदार फाटक निघाले की ते सरळ भंगाराच्या काट्यावर चढते. हा व्यवहार नसून अज्ञान आहे.

२/८
लोखंड सगळे सारखे नसते. बीड साच्यात ओततात. जोराचा घाव बसला की ते तडकते. घडीव लोखंडात कार्बन अत्यल्प असतो आणि मळीचे बारीक तंतू असतात. भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकले की ते वेलीसारखे वळते.

३/८
इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये घडीव लोखंड मोठ्या प्रमाणावर करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे स्वस्त पोलादाने त्याची जागा घेतली. बोल्टनचा अखेरचा इंग्रजी कारखाना १९७३ च्या सुमारास थांबला. आज बाजारात ‘रॉट आयर्न’ म्हणून मिळणारे फाटक बहुधा साध्या पोलादाचेच असते.

४/८
“ही तर इंग्रजांची नक्कल,” असा आक्षेप घेतला जातो. परंतु इंग्लंडच्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्यातील विख्यात जाळ्या झाँ तिजू या फ्रेंच कारागिराच्या आहेत. त्याचा नमुनासंग्रह १६९३ मध्ये निघाला आणि इंग्रज लोहार त्यावरून शिकले. कला अशीच प्रवास करते.

५/८
मुंबईतही तेच घडले. १८६६ मध्ये कलाशाळेत (आजचे जे. जे.) हिगिन्स यांच्या हाताखाली नक्षीदार घडीव लोहकामाचा वर्ग होता. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या लोखंडी जाळ्या व कठडे याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. नाव मात्र वास्तुकार स्टीव्हन्स यांचेच घेतले जाते.

६/८
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने शस्त्रांसाठी कुंपणे व फाटके उपटली. तरीही कलात्मक वा ऐतिहासिक मोलाचे काम वगळण्याची तरतूद ठेवली होती. युद्धकाळात तेथे जो प्रश्न विचारला गेला, तो येथे शांततेतही कोणी विचारत नाही.

७/८
“खाऱ्या वाऱ्याने गंजले आहे,” ही सबब अपुरी आहे. जुन्या फाटकाचे भाग रिव्हेट व पट्ट्यांनी जोडलेले असतात. ते सुटे करता येतात, गंज खरवडता येतो, कुजलेला तुकडा बदलता येतो. ओळखही सोपी आहे: खोल गंजलेल्या जागी लाकडासारखे रेषे दिसले, तर ते घडीव लोखंड.

८/८
मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. ती गावातल्या फाटकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जबाबदारी घरमालकाची व ग्रामपंचायतीची. काट्यावर चढवण्यापूर्वी एकदा लोहाराला दाखवावे. वितळलेल्या लोखंडाची सळई होते. त्यावरचे घाव आणि ते घालणारा हात पुन्हा मिळत नाही.